भाजल्यावरची पहिली २० मिनिटं: इमारतीच्या फलकावर काय लिहू?

मृणाल_ऐरोली (मंगळवार, रात्री १०:४०)
मंडळी, मदत हवी आहे. पंधरा दिवसांपूर्वी संध्याकाळी आमच्याकडे चहा झाला. आई (सासूबाई) खाली बसल्या होत्या, कप टीपॉयवर. आमचं पिल्लू सव्वा वर्षाचं, नुकतं धरून उभं राहायला लागलंय. त्याने टीपॉयवरचा कपडा ओढला आणि कप छातीवर उपडा. पुढची पाच मिनिटं आठवली तरी अजून हात गार पडतात. आई टूथपेस्ट घेऊन आल्या, शेजारच्या काकू कोरफड तोडून घेऊन आल्या, नवरा म्हणाला हळद लाव, आणि मी फ्रीजमधला बर्फ काढून त्याच्या छातीवर धरला. चार मोठी माणसं, चार उपाय, आणि नळ एकानेही सोडला नाही.

दवाखान्यात आधी वाळलेली टूथपेस्ट काढावी लागली. ते ऐकवत नव्हतं. जखम वरवरची होती, बाराव्या दिवशी भरली, डाग जाईल म्हणालेत. पण तेव्हापासून वाटतंय की आमच्या ५६ घरांपैकी किती जणांना पहिलं काय करायचं हे माहीत असेल? लिफ्टशेजारी एक कागद लावायचा आहे. त्यावर काय लिहू? आणि तुमच्या घरी कोण, कुठे, कशाने भाजलं तेही सांगा. नेमकं कशाला जपायचं ते त्यातूनच कळेल.

घंटाळीकर (मंगळवार, रात्री ११:०५)
बाळ बरं आहे हे वाचून बरं वाटलं. आमच्या लहानपणी नौपाड्यात शाई लावायचे. माझ्या मनगटावर आमटी सांडली तेव्हा आजोबांनी अख्खी दौत ओतली होती. डॉक्टरांना खालची कातडी दिसेचना, किती भाजलंय ते कसं ठरवणार? तेव्हा कागदावर पहिलं हेच लिहा की रंगीत काहीही लावू नका. शाई, हळद, जेंशियन व्हायोलेट, काही नको.

अनुजा_खारेगाव (मंगळवार, रात्री ११:१८)
आमच्याकडे कुकर. शिट्टी अडकली होती, वाफ पुरती गेली नव्हती आणि मी झाकण उघडलं. वरण हनुवटीपासून गळ्यापर्यंत. त्या दिवसापासून कुकर नळाखाली धरल्याशिवाय उघडत नाही.

सिस्टर_वर्षा (बुधवार, सकाळी ६:५०)
नाइट ड्यूटी संपवून लिहिते आहे, शुद्धलेखन सांभाळून घ्या. बर्न्स वॉर्डात ११ वर्षं काढली आहेत.

मृणाल, आधी उत्तर. भाजलेला भाग साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं. घड्याळ लावून २० मिनिटं, कारण रडणाऱ्या लेकराला धरून उभं राहिलं की दोन मिनिटंही वीस वाटतात. आग विझली, चहा पुसला, तरी कातडीच्या आत उष्णता शिल्लक असते आणि ती खाली खाली जात राहते. पाणी ती ओढून घेतं. जखम उथळ राहणार की खोल जाणार हे पुष्कळदा तिथे ठरतं. पहिल्या तीन तासांत कधीही पाणी घातलं तरी उपयोग होतो, म्हणून "आता उशीर झाला" म्हणून सोडू नका.

बर्फ नको. त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच दुखावलेल्या कातडीचा रक्तपुरवठा तुटतो. अंगठ्या, बांगड्या, पैंजण, बाळाची साखळी लगेच काढा, कारण अर्ध्या तासात सूज येते आणि मग कापावी लागते. कपडा चिकटला असेल तर ओढू नका, भोवतीने कापा. फोड फोडू नका. मग स्वच्छ धुतलेलं सुती कापड, नाहीतर स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म (अन्न झाकायचं पातळ प्लास्टिक), वरून सैल ठेवा, गुंडाळून आवळू नका. लहान मूल असेल आणि बरंच भाजलं असेल तर भाजलेल्या जागी पाणी आणि बाकीच्या अंगावर पांघरूण, नाहीतर ते गारठतं.

किती भाजलंय ते कसं मोजायचं? रुग्णाचा स्वतःचा तळहात बोटांसकट म्हणजे साधारण १ टक्का. बाळाला बाळाचा हात, तुमचा नव्हे. लहान मुलात १० टक्के आणि मोठ्यात १५ ते २० टक्क्यांच्या वर गेलं की सलाईन लागतंच. चेहरा, हात, पाय, सांधे, जननेंद्रियं भाजली असतील तर टक्के कितीही असोत, बर्न्सचं युनिट असलेल्या ठिकाणीच जा.

आणि एक गोष्ट जी नातेवाईक कधीच सांगत नाहीत: भाजल्याची वेळ. मोठ्या भाजण्यात पहिल्या २४ तासांचं सलाईन हिशेबाने देतात. दर किलो वजनामागे, दर टक्क्यामागे ४ मिलि. ६० किलोची बाई ३० टक्के भाजली तर ७,२०० मिलि, म्हणजे सात लिटरच्या वर! त्यातलं अर्धं पहिल्या ८ तासांत. आणि ते ८ तास भाजल्यापासून मोजायचे, आमच्या दारात आल्यापासून नाही. "सकाळी कधीतरी" या उत्तरावर तो हिशेब बसत नाही. वेळ कागदावर लिहून आणा.

मीना_कळवा (बुधवार, सकाळी ९:३०)
वर्षाताई, सगळं पटलं, पण आमच्या चाळीत पाणी सकाळी एक तास येतं. वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं हे टाकीवाल्या इमारतींचं बोलणं झालं. संध्याकाळी सात वाजता माझ्या नळाला फक्त हवा येते. आमच्यासाठी काय?

सिस्टर_वर्षा (बुधवार, दुपारी २:१५)
मीना, बरोबर बोललात, मी लिहायला हवं होतं. भरून ठेवलेल्या पिंपातलं स्वच्छ पाणी मगाने हळूहळू ओतत राहा, खाली घमेलं ठेवा. हात किंवा पाय असेल तर बादलीत बुडवून ठेवा, पाणी कोमट झालं की बदला. छाती-पाठ असेल तर ओलं सुती फडकं, दर दोन मिनिटांनी पिळून नव्याने भिजवून. सलग जमलं नाही तर तुकड्या-तुकड्याने २० मिनिटं भरा. माठातलं पाणीही चालेल.

नाना_कोपरी (बुधवार, दुपारी ४:००)
मी जरा वेगळं मत मांडतो. आमच्या घरात तीन पिढ्या भाजल्यावर बटाटा किसून लावतात, वर खोबरेल तेल. कुणाचं काही वाईट झालं नाही. प्रत्येक जुनी गोष्ट अडाणीपणाची म्हणून टाकून देणं मला पटत नाही.

अनुजा_खारेगाव (बुधवार, दुपारी ४:१२)
नाना, वाईट झालं नाही कारण चटका लहान होता. लहान चटका काहीही न लावता आठवड्यात बरा होतो. श्रेय बटाट्याला मिळतं.

सिस्टर_वर्षा (बुधवार, रात्री ८:२०)
नानांचं म्हणणं पुरतं मोडीत काढू नका. बटाट्याच्या सालीचं ड्रेसिंग मुंबईतच १९८० च्या दशकात डॉक्टरांनी वापरून अभ्यासलं आहे. साली उकडून घेतलेल्या, कापडावर एकीशेजारी एक बसवलेल्या, निर्जंतुक केलेल्या. केळीच्या पानाचं ड्रेसिंग तर आमच्या सायन रुग्णालयातल्या लोकांचं काम, डॉ. माधुरी गोरे यांचं. निर्जंतुक केलेलं पान जखमेला चिकटत नाही, त्यामुळे बदलताना रुग्ण ओरडत नाही आणि खर्च जवळजवळ शून्य. म्हणजे घरातल्या वस्तूंत दम होता, पण ती रुग्णालयात, जखम थंड करून, धुऊन झाल्यावरची गोष्ट. किसलेला कच्चा बटाटा ताज्या जखमेवर थापला तर मातीतले जंतू आत जातात. आणि तेलाने उष्णता आतच कोंडली जाते. नाना, पाणी आधी. बटाट्याची भाजी करा.

नाना_कोपरी (बुधवार, रात्री ८:४५)
सायनचा आणि केळीच्या पानाचा संदर्भ माहीत नव्हता. पाणी आधी, मान्य.

रबाळे_शिफ्ट (बुधवार, रात्री ११:३०)
घराबाहेरचंही लिहा कुणीतरी. ठाणे-बेलापूर पट्ट्यात इतके कारखाने, आणि तिथला माणूस संध्याकाळी तुमच्याच इमारतीत येऊन झोपतो. मी स्टीलच्या पिकलिंगवर आहे, म्हणजे आम्लाच्या टाकीत पत्रा बुडवून साफ करायचा.

रसायनाचं भाजणं आगीसारखं नसतं. आग विझते, रसायन धुऊन जाईपर्यंत काम करत राहतं. म्हणून कपडे, बूट उतरवायचे आणि शॉवरखाली उभं राहायचं, २० मिनिटांवर न थांबता पुढेही. लाजू नका, माझा एक सोबती पॅन्ट काढायला लाजला आणि मांडीवर कायमचा खड्डा घेऊन बसला. कोरडी पावडर, चुना वगैरे असेल तर आधी कोरड्या फडक्याने किंवा ब्रशने झटकायची, मग पाणी, कारण कळीच्या चुन्यात पाणी पडलं की तोच तापतो. आम्लावर सोडा, कॉस्टिकवर (तीव्र अल्कलीवर) लिंबू असले प्रयोग नकोत, त्याने आणखी उष्णता तयार होते. कॉस्टिक सुरुवातीला फारसं झोंबत नाही, साबणासारखं बुळबुळीत लागतं आणि आत आत जातं. आम्लापेक्षा मी त्याला जास्त भितो.

सगळ्यात वाईट हायड्रोफ्लुओरिक आम्ल. थेंब पडला तरी कधी कधी काही तास दुखतही नाही. मग हाडापर्यंत कळ. ते शरीरातलं कॅल्शियम खातं. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लागतं आणि ते जागेवरच हवं. आमच्या आधीच्या कंपनीत ट्यूब होती, कपाटाला कुलूप होतं आणि चावी दिवसपाळीच्या माणसाकडे. मी भांडून ती ट्यूब टाकीशेजारच्या भिंतीवर टांगून घेतली.

डोंबिवलीत मे २०१६ आणि मे २०२४ ला स्फोट झाले तेव्हा आठ दिवस सगळे बोलत होते. रोजचे छोटे चटके कुणी मोजत नाही.

संदीप_दिवा (गुरुवार, सकाळी ७:५५)
लोकलमधून लिहितोय. आमच्या वर्गातला एक मुलगा दहावीच्या सुट्टीत मालगाडीच्या डब्यावर चढला होता, फोटो काढायला. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात आणि तिला हात लावावा लागत नाही, जवळ गेलं तरी वीज हवेतून उडी मारते. त्याच्या हातावर बाहेरून रुपयाएवढा डाग होता. आतले स्नायू कोपरापर्यंत गेले होते. हात काढावा लागला. विजेचा चटका लहान दिसला तरी रुग्णालयात न्यायचं, हृदयाचे ठोके तपासायला. आणि घरात कुणाला शॉक बसला तर माणसाला हात लावण्याआधी मेन स्विच.

सुनंदा_नेरुळ (गुरुवार, सकाळी १०:२०)
वयस्करांचं राहून जातंय. आमच्या मामंजींना २५ वर्षांचा मधुमेह. पाय दुखतात म्हणून रात्री गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपले. सकाळी मी चादर उचलली तर टाचेला मोठा फोड. त्यांना काहीच कळलं नव्हतं, कारण पायाची संवेदनाच गेलेली. ती टाच भरायला पाच महिने लागले. मधुमेह असलेल्या पायाला गरम पिशवी नको, आणि आंघोळीचं पाणी पायाने बघायचं नाही, हाताच्या कोपराने बघायचं, तेही दुसऱ्या कुणीतरी.

आणि वाफारा! मुलांना उकळत्या पातेल्यावर टॉवेल घालून बसवणं बंद करा. कोविडच्या काळात आमच्या मजल्यावरचीच दोन मुलं मांड्या भाजून घेऊन बसली.

घंटाळीकर (गुरुवार, सकाळी १०:४०)
बादलीतला रॉड पण लिहा. रॉड चालू असताना पाण्यात हात घालून "तापलं का" बघणारे मी पाहिले आहेत.

सेक्रेटरी_घणसोली (गुरुवार, दुपारी १:००)
थोडं अवांतर, पण तुमच्या फलकाशी संबंध आहे. इमारतीतल्या अग्निशमन यंत्रणेचं प्रमाणपत्र, तो बी फॉर्म, वर्षातून दोनदा द्यायचा असतो, जानेवारीत आणि जुलैत, २००६ च्या राज्याच्या कायद्यानुसार. मी पद घेतलं तेव्हा आमच्या होज रीलची तोटीच गायब होती. तुमच्या कमिटीला विचारा शेवटचा फॉर्म कधी भरला.

सिलिंडरवाल्यांनी नळीवरची तारीख बघावी, पाच वर्षांनी बदलायची. वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, आणि दिवा लावायचाही नाही, बंदही करायचा नाही, एक्झॉस्टलाही हात नको. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो फरशीलगत साचतो. पाइपचा गॅस हलका, तो छताकडे जातो. घराबाहेर येऊन फोन, सिलिंडरसाठी १९०६. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी कधीच नाही, गॅस बंद आणि वर झाकण. अंगावरच्या कपड्याने पेट घेतला तर पळायचं नाही, जमिनीवर लोळायचं.

रेवती_वर्तकनगर (गुरुवार, रात्री ९:१०)
सगळे पहिल्या वीस मिनिटांवर बोलत आहेत. मला नंतरच्या दोन वर्षांवर बोलायचं आहे.

माझी धाकटी बहीण दिवाळीत देवघराशी ओणवी झाली आणि ओढणी निरांजनावर गेली. ओढणी सिंथेटिक, वितळून मानेला आणि उजव्या दंडाला चिकटली. २२ टक्के. ग्राफ्ट झालं, मांडीची कातडी काढून मानेला लावली, छान बसली. पाच आठवड्यांनी घरी आली तेव्हा आम्ही पेढे वाटले. आम्हाला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. नवी कातडी आकसते. मान खाली ठेवली की दुखत नाही, म्हणून ती मान खालीच ठेवायची. फिजिओथेरपिस्टने सांगितलं होतं की उशी न घेता, मान मागे ताणून झोपायचं, मानेचा पट्टा रात्रंदिवस. आई तिच्या रडण्याने विरघळायची आणि पट्टा काढायची. मीही कधी आग्रह धरला नाही. तिसऱ्या महिन्यात हनुवटी छातीकडे ओढली गेली, खालचा ओठ मिटेना, दंड वर उचलेना. मग दुसरी शस्त्रक्रिया, मग तिसरी. त्यानंतर प्रेशर गारमेंट, मापाने शिवलेला घट्ट कपडा, दिवसाचे २३ तास, दीड वर्ष. ठाण्यातल्या मे महिन्यात, लोडशेडिंगमध्ये, मानेपासून मनगटापर्यंत. तो कपडा धुवायला काढायचा तेवढा एक तास ती पंख्याखाली डोळे मिटून बसायची.

आता ती शाळेत शिकवते. मान सत्तर टक्के वळते. ज्यांच्या घरी कुणी भाजून बरं होऊन येईल त्यांना हात जोडून सांगते, रडलं तरी पट्टा काढू नका. आणि खायला घाला: अंडी, डाळ, पनीर, मासे. "जखम चिघळेल" म्हणून आमच्याकडे पहिले पंधरा दिवस तिला मऊभातावर ठेवलं होतं. कातडी तयार व्हायला प्रथिनंच लागतात.

मीना_कळवा (गुरुवार, रात्री ९:३५)
रेवती, तुमच्या बहिणीला माझा नमस्कार सांगा.

अनुजा_खारेगाव (गुरुवार, रात्री ९:५०)
एवढ्या सगळ्याचा खर्च कसा पेलला, विचारलं तर चालेल का?

रेवती_वर्तकनगर (गुरुवार, रात्री १०:०५)
पहिल्या खाजगी रुग्णालयाने दाखल करण्याआधी मोठी रक्कम मागितली आणि "पोलीस केस आहे" म्हणून दोन तास बाहेर ठेवलं. तिथून हलवलं. पुढचा बराच भाग महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसला. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे रेशनकार्ड आणि आधार घेऊन पहिल्याच दिवशी जा. आम्ही नवव्या दिवशी गेलो.

सिस्टर_वर्षा (शुक्रवार, सकाळी ७:१०)
पोलिसांना कळवणं हे रुग्णालयाचं काम आहे, त्यासाठी उपचार थांबवायचे नसतात. ॲसिड हल्ल्याच्या बाबतीत तर कायदाच सांगतो की सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने ताबडतोब मोफत उपचार द्यायचे.

गौरी_समाजसेवा (शुक्रवार, सकाळी ११:४०)
पोलीस केसचा विषय निघाला म्हणून लिहिते. मी बऱ्याच वर्षांपूर्वी बर्न्स वॉर्डात समाजसेविका होते. तेव्हा तरुण बायका भरलेल्या असायच्या आणि जवळजवळ प्रत्येकीच्या कागदावर एकच वाक्य: स्टोव्हचा भडका उडाला. काहींचा खरंच उडाला होता. रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह, दहा बाय दहाची खोली, नायलॉनची साडी. पण सासू पायथ्याशी उभी असताना बाई वेगळं काय सांगणार? मृत्युपूर्व जबाब घ्यायला दंडाधिकारी येत, तेव्हा मी नातेवाइकांना बाहेर काढण्यासाठी अक्षरशः दार अडवून उभी राहायचे. गॅस आला, रॉकेल गेलं, तशी ती गर्दी कमी होत गेली. मार गेला असं मात्र समजू नका. शेजारच्या घरातून रोज आरडाओरडा ऐकू येत असेल तर भाजण्याची वाट बघू नका. १८१ हा महिलांसाठीचा क्रमांक आहे. मृणाल, तो तुमच्या कागदावर तळाशी छापा.

सुनंदा_नेरुळ (शुक्रवार, दुपारी १२:३०)
छापाच.

विनय_सानपाडा (शुक्रवार, संध्याकाळी ६:००)
रेवतीच्या बहिणीला स्वतःच्या मांडीची कातडी पुरली. ६० टक्के भाजलेल्याला ती शिल्लकच नसते. त्यासाठी त्वचापेढी. आमचे बाबा गेले तेव्हा डोळ्यांबरोबर त्वचाही दिली. मृत्यूनंतर साधारण ६ तासांच्या आत द्यावी लागते. लोक घरी येतात, मांड्या आणि पाठीवरचा पातळ थर घेतात, तासाभरात काम संपतं, पट्टी बांधून देतात. अंगावर काही विद्रूप दिसत नाही, रक्त वाहत नाही. आईला हीच भीती होती, मी स्वतः उभं राहून बघितलं. रक्तगट जुळावा लागत नाही. ग्लिसरॉलमध्ये ती काही वर्षं टिकते. ती कायमची चिकटत नाही, पण जखम झाकून रुग्णाला तेवढे आठवडे जिवंत ठेवते. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० सालापासून त्वचापेढी आहे. आणि मृणाल, तुमच्या ऐरोलीत नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही आहे.

मृणाल_ऐरोली (शुक्रवार, संध्याकाळी ६:४०)
विनय, त्या इमारतीवरून मी रोज भाजी आणायला जाते. आत त्वचापेढी आहे हे आज कळलं.

सगळं वाचून मजकूर केलाय, बघा: "भाजलं? आधी साधं पाणी, घड्याळ लावून २० मिनिटं. नळाला नसेल तर पिंपातलं. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तेल, शाई काही नाही. बांगड्या-अंगठ्या काढा, चिकटलेला कपडा ओढू नका, फोड फोडू नका. स्वच्छ सुती कापडाने झाका. वेळ लिहून ठेवा. रुग्णाच्या दहा तळहातांएवढं भाजलं, किंवा चेहरा, हात, पाय, सांधे, गुप्तांग भाजले, किंवा वीज-रसायन असेल तर लगेच रुग्णालय. विजेत आधी मेन स्विच. रुग्णवाहिका १०८, आग १०१, सिलिंडरचा गॅस १९०६, महिला १८१."

रबाळे_शिफ्ट (शुक्रवार, रात्री ८:१५)
"कोरडी पावडर आधी झटका" एवढं घाला. बाकी चोख. हिंदीतही करा. वॉचमन, कामाला येणाऱ्या मावश्या, डिलिव्हरीची पोरं, सगळ्यांना मराठी वाचता येतं असं नाही, आणि रात्री कुणी ओरडलं तर पहिला वॉचमनच धावतो.

अनुजा_खारेगाव (शुक्रवार, रात्री ८:३०)
हिंदी मी करून देते. उद्या दुपारपर्यंत पाठवते.

मृणाल_ऐरोली (शनिवार, रात्री ९:२०)
पावडरची ओळ घातली, अनुजाची हिंदीही आली. लॅमिनेट करून एक लिफ्टशेजारी, एक वॉचमनच्या केबिनमध्ये लावली. आईंनी तिसरी मागून घेतली आणि स्वतः स्टूलवर चढून ओट्याच्या वर चिकटवली. टीपॉयवरचा कपडाही त्यांनीच घडी करून कपाटात ठेवला आहे.